पेशीला लोह मोजता कसे येते?

जेवणात मीठ जास्त झाले तर तहान लागते, आपण पाणी पितो आणि जादा मीठ लघवीवाटे निघून जाते. क जीवनसत्त्व गरजेपेक्षा अधिक घेतले तर तेही असेच बाहेर पडते. पुष्कळ पदार्थांच्या बाबतीत शरीराचा व्यवहार असा सैल असतो. येईल ते येऊ द्यायचे, नको ते टाकून द्यायचे. लोहाचे मात्र तसे नाही. लोह बाहेर टाकण्याची सोयच आपल्या शरीरात नाही. आतड्याच्या अस्तराच्या झडणाऱ्या पेशी, कातडीचे कण, थोडाफार रक्तस्राव यांतून दिवसाला एक-दोन मिलिग्रॅम लोह जाते, आणि तेवढेच अन्नातून आत घेतले जाते. प्रौढ माणसाच्या शरीरात एकूण लोह असते ३ ते ४ ग्रॅम, म्हणजे एखाद्या लहानशा खिळ्याएवढे. त्यातले सुमारे दोन तृतीयांश हिमोग्लोबिनमध्ये असते. जुन्या तांबड्या पेशी मोडून रोज २० ते २५ मिलिग्रॅम लोह परत वापरात येते. बाहेरची आवक त्या मानाने अगदी किरकोळ.

लोह कमी पडले तर काय होते हे आपण वर्गात रोज पाहतो. जास्त झाले तर काय होते, हे थॅलेसेमिया झालेल्या मुलांच्या पालकांना विचारावे. या मुलांना वरचेवर रक्त द्यावे लागते आणि रक्ताच्या प्रत्येक पिशवीबरोबर २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात जाते. ते यकृतात आणि हृदयात साठत राहते, कारण बाहेर जायला वाट नाही. ते काढण्यासाठी वेगळी औषधे आयुष्यभर घ्यावी लागतात. मोकळे लोह पेशीतल्या हायड्रोजन पेरॉक्साइडशी संयोग पावले की अत्यंत दाहक असे मूलक तयार होतात आणि ते समोर येईल त्या रेणूची मोडतोड करतात.

बाहेर टाकता येत नाही, म्हणजे सगळा बंदोबस्त दाराशीच हवा. लोह आत घेणारी प्रथिने, ते साठवणारी प्रथिने किती बनवायची हे पेशीने सतत ठरवत राहिले पाहिजे. पण ठरवायचे तर आधी मोजले पाहिजे. पेशीजवळ तराजू कोणता? या प्रश्नाचे उत्तर मिळायला ५५ वर्षे लागली, आणि ते जिथे सापडले तिथे कोणी शोधत नव्हते.

लंडनमधली मोजणी

लोहाचे नियंत्रण आत घेताना होते, बाहेर टाकताना नव्हे, हे आज पाठ्यपुस्तकातले वाक्य झाले आहे. १९३० च्या सुमाराला समज नेमका उलटा होता. जास्तीचे लोह आतड्यावाटे बाहेर टाकले जाते असे डॉक्टर मानत. लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये रॉबर्ट मॅकॅन्स हे डॉक्टर आणि एल्सी विडोसन या रसायनशास्त्रज्ञ एकत्र काम करत होते. अन्नपदार्थांच्या पृथक्करणाचे त्यांचे कोष्टक पुढे जगभर वापरले गेले. त्यांच्याकडे तांबड्या पेशी बेसुमार वाढण्याचा विकार असलेले रुग्ण होते. त्या काळी यावर उपाय म्हणून तांबड्या पेशी फोडणारे औषध देत. पेशी फुटल्या, हिमोग्लोबिन मोडले, म्हणजे भरपूर लोह सुटे झाले. ते मल-मूत्रातून बाहेर यायला हवे होते. दोघांनी चिकाटीने मल-मूत्र गोळा करून लोह मोजले. ते वाढलेलेच नव्हते! मग निरोगी स्वयंसेवकांना शिरेतून लोह टोचून पाहिले. तेही आतच राहिले. १९३७ मध्ये त्यांनी निष्कर्ष जाहीर केला की शरीरातल्या लोहाचे प्रमाण ठरते ते शोषणावर.

या प्रयोगाला यंत्रसामग्री जवळजवळ काहीच लागली नाही. लागला तो काटेकोरपणा, आणि न आवडणाऱ्या गोष्टी तपासण्याची तयारी.

पुढची पायरी किरणोत्सारी लोहाची. अमेरिकेत रॉचेस्टर येथे जॉर्ज व्हिपल आणि पॉल हान यांनी १९३८-३९ पासून कुत्र्यांवर हे प्रयोग केले. लोहाची कमतरता असलेला कुत्रा निरोगी कुत्र्यापेक्षा कितीतरी पट जास्त लोह शोषतो हे त्यांना दिसले. शिवाय, कुत्र्याला लोहाचा एक डोस आधी दिला तर काही तासांनी दिलेला दुसरा डोस फारसा शोषला जात नाही. म्हणजे आतड्याचे अस्तर 'आत्ताच घेतले आहे' याची काहीतरी नोंद ठेवते. त्याआधी, १९३७ मध्ये, विलेम लाउफबेर्गर या चेक शास्त्रज्ञाने घोड्याच्या प्लीहेतून लोहाने भरलेले एक प्रथिन स्फटिकरूपात वेगळे केले होते. त्याचे नाव फेरिटिन. ही एक पोकळ डबी असते, २४ तुकड्यांची, आणि तिच्यात लोहाचे साडेचार हजारपर्यंत अणू मावतात. १९४६ मध्ये सॅम ग्रॅनिक यांनी सुचवले की अस्तरातल्या पेशींमधले फेरिटिन भरले की दार बंद होते. हे स्पष्टीकरण पुढे टिकले नाही. पण लोह दिले की पेशीत फेरिटिन वाढते, हे त्यातले निरीक्षण खरे होते.

या इतिहासाची एक बाजू सांगितल्याशिवाय पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. हान पुढे व्हँडरबिल्ट विद्यापीठात गेले. तिथे १९४० च्या दशकात सुमारे ८०० गरोदर स्त्रियांना किरणोत्सारी लोह पाजण्यात आले. आपण काय पितो आहोत हे त्या स्त्रियांना सांगितलेले नव्हते. १९९० च्या दशकात चौकशी होऊन त्यांना भरपाई द्यावी लागली. इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्री येथे १९६९ मध्ये मूळच्या भारतीय उपखंडातल्या २१ स्त्रियांना किरणोत्सारी लोह घातलेल्या चपात्या खायला दिल्या गेल्या. चपातीतले लोह किती शोषले जाते हा प्रश्न रास्त होता. पण त्या बायकांना, ज्यांतल्या अनेकींना इंग्रजी नीट येत नव्हते, प्रयोगाची खरी कल्पना दिली गेली होती का, याबद्दलचा वाद १९९५ मध्ये उघड झाला आणि अजून संपलेला नाही.

आधीच लिहून ठेवलेला निरोप

आता पेशीच्या आत जाऊ. प्रथिन बनते ते दोन टप्प्यांत, हे आपण दहावी-बारावीला शिकवतो. जनुकावरून संदेशवाही आरएनएची प्रत निघते. या प्रतीला आपण सोयीसाठी 'निरोप' म्हणू. केंद्रकातून निरोप बाहेर येतो आणि रायबोसोम तो वाचून प्रथिन बनवतो. १९६१ मध्ये फ्रान्समधल्या जाकोब आणि मोनो यांनी जीवाणूंमध्ये दाखवले की नियंत्रण पहिल्या टप्प्यावर असते. प्रथिन नको असेल तर निरोपच लिहायचा नाही. ही कल्पना इतकी गाजली की सगळीकडे असेच असणार असे लोक धरून चालले.

हॅमिश मन्रो हे मूळचे ग्लासगोचे, पुढे अमेरिकेत एमआयटीमध्ये गेले. त्यांनी आणि जेम्स ड्रायस्डेल यांनी १९६५ मध्ये उंदरांना ॲक्टिनोमायसिन दिले. या औषधाने नवा निरोप लिहिणे थांबते. मग लोह टोचले. जाकोब-मोनो यांचा नियम इथेही लागू असता तर फेरिटिन वाढायला नको होते. ते वाढले. याचा अर्थ निरोप आधीच लिहून तयार होते, पण कोणीतरी ते वाचू देत नव्हते, आणि लोह येताच ती अडवणूक दूर झाली. १९७६ मध्ये मन्रो आणि सहकाऱ्यांनी हेच अधिक पक्क्या पुराव्यानिशी मांडले.

पेशीने असा उलटा मार्ग का पत्करला असेल? मोकळे लोह घातक असते हे वर आलेच. ते पेशीत शिरल्यावर जनुक उघडा, निरोप लिहा, तो बाहेर पाठवा, एवढा वेळ घालवणे परवडणारे नाही. मालगाडी भरून फलाटावर उभी आहे, फक्त सिग्नल पडायचा आहे, अशी ही व्यवस्था आहे.

फेरिटिन ही झाली कोठाराची बाजू. दाराची बाजू वेगळी आहे. रक्तात लोह मोकळे फिरत नाही. ट्रान्सफेरिन नावाचे प्रथिन एका वेळी लोहाचे दोन अणू वाहून नेते. पेशीच्या पृष्ठभागावर ट्रान्सफेरिनला धरणारे ग्राही प्रथिन असते. ते ट्रान्सफेरिनसकट एका बुडबुड्यात आत ओढले जाते. बुडबुड्यातला द्रव आम्ल होतो, लोह सुटते, आणि रिकामे ट्रान्सफेरिन ग्राहीला धरूनच पुन्हा पृष्ठभागावर येते. तिथे ते सुटून पुढच्या फेरीला निघते. १९८३ मध्ये दोन प्रयोगशाळांनी ही फेरी उलगडली. त्यांतली एक अमेरिकेतल्या बेथेस्डा येथील रिचर्ड क्लाउसनर यांची होती, आणि पुढच्या कथेत तिचे नाव वारंवार येते.

पेशीत लोह कमी असले की ग्राही वाढतात आणि फेरिटिन घटते. लोह भरपूर असले की फेरिटिन वाढते आणि ग्राही कमी होतात. दोन्ही प्रथिनांची चाल एकाच वेळी, पण उलट दिशेने. यामागे दोन वेगळ्या यंत्रणा असतील असे कोणालाही वाटले असते.

१९८७ मध्ये मन्रो यांच्या गटाने आणि क्लाउसनर यांच्याकडील मॅथायस हेन्त्झे, ट्रेसी रूऑल्ट, जो हार्फर्ड आदींनी फेरिटिनच्या निरोपातली अडवणुकीची जागा शोधून काढली. निरोपाच्या सुरुवातीला, प्रथिनाचा मजकूर सुरू होण्याआधी, सुमारे ३० अक्षरांचा एक तुकडा आहे. त्यातली अक्षरे एकमेकांशी जोड्या जमवून केसांत घालायच्या आकड्यासारखा आकार घेतात. आकड्याच्या टोकाशी सहा अक्षरांची फास असते, तिची पहिली पाच सी, ए, जी, यू, जी. बेडूक, कोंबडी, माणूस, सगळ्यांत हा आकडा जवळजवळ सारखा. कागदाची पट्टी दुमडून वर्गात हा आकार सहज करून दाखवता येतो. हाच तुकडा कापून दुसऱ्याच एखाद्या प्रथिनाच्या निरोपाच्या सुरुवातीला जोडला तर तेही प्रथिन लोहाच्या हुकमात येते! १९८८ मध्ये एलिझाबेथ लायबोल्ड व मन्रो यांना आणि बेथेस्डाच्या गटालाही या आकड्याला चिकटणारे प्रथिन पेशीद्रवात सापडले. लोह कमी असताना ते चिकटते. लोह भरपूर असताना सोडून देते.

त्याच वर्षी खरी गंमत झाली. ट्रान्सफेरिनच्या ग्राहीचा निरोप तपासला तेव्हा त्यातही हेच आकडे दिसले, एक नव्हे तर पाच. फक्त इथे ते सुरुवातीला नव्हते, मजकूर संपल्यानंतरच्या शेपटीत होते. चिकटणारे प्रथिनही तेच. स्वित्झर्लंडमध्ये लुकास क्यून यांच्या गटानेही शेपटीचे हे महत्त्व दाखवले.

एकच प्रथिन एका निरोपाला दाबते आणि दुसऱ्याला वाचवते, हे कसे? कुलूप शाळेच्या फाटकाला लावले तर मुले आत येऊ शकत नाहीत. तेच कुलूप कपाटाला लावले तर आतल्या वह्या चोरीला जात नाहीत. आकडा सुरुवातीला असेल तर त्याला चिकटलेले प्रथिन रायबोसोमची वाट अडवते, आणि फेरिटिन बनत नाही. शेपटीत असेल तर निरोप कुरतडणाऱ्या विकरांना जागाच मिळत नाही, निरोप टिकतो आणि त्यावरून ग्राही बनत राहतात. कुलूप बदलले नाही, बदलली ती लावण्याची जागा. मला स्वतःला ही युक्ती जीवशास्त्रातल्या सर्वांत काटकसरी युक्त्यांपैकी वाटते.

बचनाग, लिंबू आणि चौथा अणू

तरीही मूळ प्रश्न शिल्लकच होता. या कुलूप-प्रथिनाला लोह आहे की नाही हे कळते कशाने?

इथे आपल्याला एका वेगळ्याच गल्लीत वळावे लागेल. लिंबात असते ते सायट्रिक आम्ल. आपल्या पेशीतल्या तंतुकणिकांमध्येही ते बनते, आणि क्रेब्ज चक्राच्या दुसऱ्या पायरीत त्याचे आयसोसायट्रिक आम्लात रूपांतर होते. हे काम करणाऱ्या विकराचे नाव अकोनिटेज. वाटेत अकोनिटिक आम्ल तयार होते, म्हणून हे नाव. अकोनिटिक आम्ल पहिल्यांदा मिळाले ते बचनागाच्या जातीच्या वनस्पतीतून. उसाच्या रसातही ते असते, म्हणजे आपल्याकडे पुष्कळांच्या पोटात ते नेहमीच जाते.

अकोनिटेज हे विकर जैवरसायनशास्त्रज्ञांना त्रास देई. शुद्ध करायला गेले की त्याचे काम बंद पडे. लोह घातले की पुन्हा चालू होई. विस्कॉन्सिन येथे हेल्मुट बाइनर्ट यांनी १९७८ पासून पुढची काही वर्षे या कोड्यावर घालवली. अकोनिटेजच्या पोटात लोह आणि गंधक यांचा घनाकृती पुंजका असतो असे त्यांना आढळले. पुरा पुंजका लोहाच्या चार आणि गंधकाच्या चार अणूंचा. त्यातले लोहाचे तीन अणू प्रथिनाने पक्के धरलेले, चौथा सैल. चौथा निसटला की विकर बंद पडते. हे सारे संशोधन ऊर्जानिर्मितीच्या रसायनाचे. फेरिटिनच्या निरोपाशी त्याचा संबंध असेल असे कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

१९९० मध्ये दोन अनुक्रम प्रसिद्ध झाले. डुकराच्या हृदयातल्या अकोनिटेजचा एक, आणि कुलूप-प्रथिनाचा दुसरा. १९९१ मध्ये रूऑल्ट व क्लाउसनर यांच्या गटाने, आणि तोवर हायडेलबर्गला गेलेल्या हेन्त्झे यांनी पॅट्रिक आर्गोस यांच्यासह, अनुक्रमांची तुलना केली. दोन्ही प्रथिनांतली सुमारे ३० टक्के अमिनो आम्ले तंतोतंत जुळत होती, आणि विकराच्या कामाच्या जागेवरची तर सगळीच. १९९२ मध्ये बाइनर्ट यांच्या गटातल्या मेरी क्लेअर केनेडी आणि सहकाऱ्यांनी गाईच्या यकृतातून पेशीद्रवातले अकोनिटेज शुद्ध केले. तंतुकणिकेबाहेरही एक अकोनिटेज असते हे माहीत होते, पण ते तिथे काय करते हे कोणाला सांगता येत नव्हते. ते अकोनिटेज आणि कुलूप-प्रथिन एकच निघाले.

तराजू सापडला होता. पेशीत लोह भरपूर असते तेव्हा या प्रथिनाच्या पोटात लोह-गंधकाचा पुंजका पुरा बसतो, आणि ते सायट्रिक आम्लावर काम करणारे विकर होते. लोह कमी पडले की पुंजका राहत नाही. प्रथिनाचे दोन भाग एकमेकांपासून दूर होतात आणि मधल्या खाचेत आरएनएचा आकडा जाऊन बसतो. २००६ मध्ये या दोन्ही अवस्थांच्या रचना क्ष-किरणांनी पाहिल्या गेल्या, आणि खाच किती उघडते हे डोळ्यांना दिसले.

याला आता लोहनियामक प्रथिन-१ म्हणतात, कारण त्याचा एक भाऊबंद आहे. लोहनियामक प्रथिन-२ मध्ये असा पुंजका नसतो. लोह वाढले की पेशी ते सरळ मोडून टाकते. उंदरांमध्ये पहिले प्रथिन काढून टाकले तर फारसे बिघडत नाही आणि दुसरे काढले तर बिघडते, असे दिसले तेव्हा सगळे गोंधळले. एवढा गाजलेला तराजू शोभेचाच की काय? २००४ मध्ये कारण कळले. प्रयोगशाळेतल्या बशीत पेशी २१ टक्के ऑक्सिजनमध्ये वाढवतात. शरीराच्या आतल्या बहुतेक पेशींना मात्र ३ ते ६ टक्केच मिळतो. इतक्या कमी ऑक्सिजनमध्ये पहिल्या प्रथिनाचा पुंजका सहसा मोडत नाही, म्हणून रोजचे काम दुसऱ्याकडे असते. पुढे २०१३ मध्ये पहिल्याचेही स्वतःचे काम सापडले. ते नसलेल्या उंदरांच्या तांबड्या पेशी बेसुमार वाढतात. मॅकॅन्स आणि विडोसन यांच्या रुग्णांनाही तांबड्या पेशी वाढण्याचाच विकार होता, कारण मात्र निराळे.

माणसातही या आकड्याचा पुरावा मिळाला आहे. फ्रान्स आणि इटलीतल्या काही कुटुंबांमध्ये तरुणपणीच मोतीबिंदू होई, आणि रक्तात फेरिटिन फार वाढलेले असे. फेरिटिन जास्त म्हणजे लोह जास्त, असे समजून काहींचे रक्त काढण्यात आले आणि त्यांना विनाकारण पंडुरोग झाला. १९९५ मध्ये कळले की त्यांच्या फेरिटिनच्या निरोपातल्या आकड्यात फक्त एक अक्षर बदललेले आहे. कुलूप तिथे बसतच नाही, त्यामुळे लोह असो-नसो, फेरिटिन बनतच राहते.

आतड्यापर्यंत परत

आतड्याच्या अस्तरातल्या पेशीला दोन दारे असतात. अन्नाच्या बाजूच्या दारातले प्रथिन १९९७ मध्ये सापडले, रक्ताच्या बाजूचे २००० मध्ये. या दुसऱ्याचे नाव फेरोपोर्टिन. दोघांच्याही निरोपांत आकडे आहेत, एकाच्या शेपटीत तर दुसऱ्याच्या सुरुवातीला. पण प्रत्येक पेशीने फक्त स्वतःचे लोह मोजून भागत नाही. साऱ्या शरीराचा हिशेब यकृत ठेवते आणि हेपसिडिन नावाचे छोटे संप्रेरक रक्तात सोडते. हेपसिडिनने फेरोपोर्टिनला गाठले की पेशी ते दार उचलून आत घेते आणि मोडून टाकते, हे २००४ मध्ये दिसले. लोह वाढले की हेपसिडिन वाढते. जंतुसंसर्गातही वाढते, म्हणून वरचेवर आजारी पडणाऱ्या मुलांना आहारातले लोह नीट मिळत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. शाळेत किशोरवयीन मुलामुलींना आठवड्यातून एकदा दिली जाणारी निळी गोळी याचसाठी आहे. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. 'रोज दिली तर लवकर गुण नाही का येणार?' असे पालक विचारतात. झुरिकच्या संशोधकांनी २०१७ मध्ये लोहाचा साठा कमी असलेल्या ४० स्त्रियांना ६० मिलिग्रॅमच्या तेवढ्याच गोळ्या दिल्या, निम्म्यांना रोज आणि निम्म्यांना एक दिवसाआड. रोज घेणाऱ्यांनी सरासरी १६ टक्के लोह शोषले, एक दिवसाआड घेणाऱ्यांनी जवळजवळ २२ टक्के. पहिल्या गोळीने हेपसिडिन वाढलेले असते आणि दुसऱ्या दिवशीच्या गोळीला दार अर्धवट मिटलेले मिळते. हान यांच्या कुत्र्यांमध्ये दिसले ते हेच असावे, असे म्हणायला हरकत नाही.

म्हणजे गोळीतले बहुतेक लोह शोषले न जाता पुढे जाते. गोळी घेतल्यावर शौचाचा रंग काळपट होतो तो त्यामुळे. मुली घाबरून गोळी टाळतात तेव्हा त्यांना एवढे तर नक्कीच सांगता येईल.